घरदुरुस्ती : अडकलेला नळ आणि भिंतीआडचा एल्बो

पावसाळा सरून दिवाळीची साफसफाई जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत न्हाणीघराचे प्रमाण वाढते. यंदाच्या पत्रांत एक गोष्ट विशेष जाणवली. नळ गळतो ही तक्रार जुनीच आहे, परंतु बहुतेक वाचकांना वायसर कसा बदलायचा हे ठाऊक आहे आणि त्यांची गाडी त्याच्या अलीकडेच अडली आहे : बदलायचा भाग सुटतच नाही. त्यामुळे या अंकात त्याच एका अडचणीवरचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका कारखान्यात देखभालीच्या कामावर असताना गंजलेले बोल्ट, धरून बसलेले व्हॉल्व्ह आणि आटे मेलेले नट सोडवण्यातच माझी बरीच वर्षे गेली. घरातला नळ हे त्यांचेच धाकटे भावंड आहे.

प्रश्न : आमची सदनिका राजारामपुरीत असून इमारत साधारण पंधरा वर्षांची आहे. न्हाणीघरातील बादलीचा नळ कितीही आवळला तरी ठिबकतो. वायसर बदलण्यासाठी मुठीचा स्क्रू काढला, पण मूठ वर येईना. ती महत्प्रयासाने निघाली, तर खालचा षटकोनी नट फिरेना. मुलगा तालमीत जातो. त्याने मोठा पाना लावून जोर दिला तेव्हा भिंतीतून ‘कर्र’ असा आवाज आला, म्हणून आम्ही थांबलो. ओळखीचे प्लंबर म्हणतात की फरशी फोडून नवीनच बसवावे लागेल. दुसरा काही मार्ग आहे का?

उत्तर : तुम्ही थांबलात हे फार चांगले केलेत. कोल्हापुरात दंडाच्या ताकदीला तोटा नाही आणि नळाच्या कामात नेमकी तीच नडते, कारण पान्यावर लावलेला जोर आपल्याला हव्या त्या ठिकाणीच खर्च होतो असे नाही. वाटेत जो भाग सर्वांत कमजोर असेल तो आधी हार मानतो. तुमच्या इमारतीच्या वयावरून भिंतीत सीपीव्हीसीचे, म्हणजे एका कडक प्लास्टिकचे, पाइप असण्याची शक्यता मोठी आहे. या प्रकारात नळ ज्या एल्बोत, म्हणजे पाइपच्या काटकोनी जोडात, बसतो तो प्लास्टिकचा असतो आणि त्यात आट्यांची पितळी कडी बसवलेली असते. वरचा नट न सुटता संपूर्ण नळच फिरू लागला, तर तो पीळ त्या कडीवर आणि तिच्याभोवतीच्या प्लास्टिकवर येतो. एक फूट, म्हणजे सुमारे 30 सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला 20 किलोचा जोर दिला तर 6 किलोग्रॅम-मीटर पीळ तयार होतो. पान्यात पाइपचा तुकडा घालून लांबी दुप्पट केली की त्याच जोराने पीळ 12 होतो. हातांना फरक कळत नाही, एल्बोला कळतो.

म्हणून पहिले काम तपासणीचे. नळाच्या बुडाशी भिंतीला टेकलेली चकती पुढे सरकवा, आतली जागा कोरडी पुसा आणि नळ बंद ठेवून पाण्याचा दाब चालू करा. तासाभराने तिथे वर्तमानपत्राचा कपटा खुपसून तो ओला होतो का ते पाहा, आणि पुढचे दोन-तीन दिवस भिंतीच्या पलीकडच्या बाजूला ओल उमटते का यावर लक्ष ठेवा. ओल दिसली तर तुमच्या प्लंबरांचे म्हणणे खरे ठरेल आणि फरशी फोडावीच लागेल. ती दिसली नाही, तर तो आवाज आट्यांतला जुना टेप किंवा चकतीमागचे पांढरे सिमेंट तुटल्याचा होता असे समजून पुढे जायला हरकत नाही.

पुढे जाण्यापूर्वी गीझर बंद करावा, नंतर त्या न्हाणीघराचा पाणी तोडण्याचा कॉक बंद करावा आणि गळणारा नळ पूर्ण उघडून पाइपातले पाणी निथळू द्यावे. हा नळ उघडाच ठेवायचा आहे, आणि याचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. जुन्या धाटणीच्या फिरकीच्या नळात मूठ आवळली की स्पिंडल, म्हणजे मुठीखालचा आट्यांचा दांडा, खाली जाऊन वायसर बैठकीवर, म्हणजे पाण्याच्या वाटेच्या पितळी काठावर, दाबतो. खाली जागा संपल्यावर तोच दाब उलटून वरच्या नटाच्या आट्यांवर येतो. गळती थांबावी म्हणून आपण महिनोन्‌महिने मूठ जास्तच करकचून पिळत असतो, आणि अशा ताणलेल्या अवस्थेत षटकोनी नट खोलू पाहणे म्हणजे दाराला आतून खांदा लावून बाहेरून ढकलण्यासारखे आहे. स्पिंडल दोन-तीन वेढे वर घेतला की हा ताण नाहीसा होतो. मी पाहिलेल्या कित्येक ‘न निघणाऱ्या’ नळांचा इलाज एवढाच होता.

आता नट धरून कोणी ठेवला आहे ते पाहा. नटाच्या कडेला पांढरट, खरखरीत थर असेल तर तो क्षाराचा आहे. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आट्यांच्या फटीत साचून दगडासारखे घट्ट होतात. तुमच्या इमारतीत महापालिकेच्या पाण्याला बोअरच्या पाण्याची जोड दिली जात असेल, तर हा थर लवकर चढतो. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरमागे 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेता येते. बोअरचे पाणी या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेही असले, तरी पिणाऱ्याला विशेष काही जाणवत नाही, नळाच्या आट्यांना मात्र जाणवते. याउलट थर हिरवट असेल तर तो पितळाचा स्वतःचा गंज आहे, आणि तांबूस असेल तर जवळपास कुठे तरी लोखंड आहे.

क्षारावर तेल चालत नाही, आम्ल चालते. किराणा दुकानातले पांढरे व्हिनेगर, किंवा एक पेला कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व, यांत कापडाची पट्टी भिजवून ती नटाभोवती गुंडाळावी आणि वरून प्लास्टिकची पिशवी बांधावी. बारीक बुडबुडे आले तर निदान बरोबर आहे असे समजावे, कारण कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळताना कार्बन डायऑक्साइड सोडते. अर्ध्या तासाने पट्टी काढून पाण्याने धुवावे, पाहावे आणि गरज वाटल्यास पुन्हा करावे. रात्रभर तशीच ठेवू नये. क्रोमचा मुलामा निस्तेज होतो. गंजावर मात्र झिरपणारे तेल लागते. हार्डवेअरच्या दुकानात त्याचा फवारा मिळतो. तो मारून लगेच पाना लावण्यात अर्थ नाही. संध्याकाळी मारावा, झोपण्यापूर्वी पुन्हा मारावा आणि काम सकाळी करावे. सीपीव्हीसीच्या बाबतीत एक पथ्य आहे : खनिज तेलाने या प्लास्टिकला कालांतराने तडे जाऊ शकतात, म्हणून फवारा फक्त वरच्या नटापाशी आणि थोडाच मारावा, भिंतीत ओघळू देऊ नये. काही वाचक खोबरेल तेल घालून पाहतात. ते दाट असते, फटीत शिरत नाही, आणि 24 अंशांच्या खाली गोठते. आपल्याकडच्या थंडीत त्याचा उपयोग नट चिकटवायलाच जास्त होईल.

यानंतर दोन पाने घ्यावेत. हे उत्तर वाचून बाकी काही लक्षात राहिले नाही तरी हे राहावे. एका पान्याने नळाचे अंग, म्हणजे भिंतीतून पुढे आलेला जाड भाग, घट्ट धरायचा. दुसऱ्याने षटकोनी नट फिरवायचा. अंगावर ओरखडे पडू नयेत म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मध्ये घ्यावा. दोन्ही पान्यांचे दांडे एकमेकांपासून थोड्या अंतरावर, एकाच तळहाताच्या कवेत येतील असे ठेवले आणि मूठ मिटावी तसे ते जवळ आणले, तर सगळा पीळ त्या दोघांतच जिरतो आणि भिंतीपर्यंत काहीच पोहोचत नाही. धरणारा एक आणि फिरवणारा दुसरा असे दोघांनी मिळून करण्यापेक्षा हे एकट्याने करणे अधिक सुरक्षित आहे, कारण दोघांचा ताल चुकला की उरलेला जोर एल्बोवर जातो.

पहिला झटका सोडवण्याच्या दिशेने देऊ नये. आधी नट किंचित, केसभर, आवळण्याच्या बाजूला दाबावा आणि मग घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने आणावा. असे चार-पाच वेळा करताना पान्याच्या मागच्या बाजूला लहान हातोडीने टकटक करत राहावे. क्षाराचा थर कडक असला तरी ठिसूळ असतो. एका मोठ्या जोराला तो दाद देत नाही, पण अशा हेलकाव्याला भुगा होऊन मोकळा होतो. सुटण्याच्या क्षणी एक कोरडा ‘टक्’ ऐकू येतो. तो आला की जोर लगेच कमी करावा. त्यानंतरही नट जड जात असेल तर पाव वेढा पुढे, थोडा मागे, असे करत काढावा, नाहीतर सुटलेले कण आट्यांत अडकून पुन्हा धरतात.

एवढ्यानेही काम झाले नाही, तर उष्णता वापरावी, पण ज्वाला नको. उकळत्या पाण्यात बुडवलेले जाड फडके चिमट्याने उचलून नळाच्या अंगावर, नटाच्या खालच्या भागाभोवती दोन-तीन मिनिटे धरावे. नळाचे अंग 40 अंशांनी तापले तर अर्ध्या इंचाच्या आट्याचे भोक सुमारे 0.016 मिलिमीटरने रुंदावते. हा आकडा हास्यास्पद वाटतो, परंतु आट्यांत धरून बसलेला थर फोडायला बहुधा तेवढा पुरतो. मात्र आतला भाग तापण्याच्या आत पाना फिरवायला हवा. तेलाचा फवारा मारलेला असेल तर आगीचे कोणतेही साधन जवळ आणू नये.

मुठीविषयी थोडे. पुढच्या वेळी ती न निघाल्यास एका बाजूने उचकटू नका, कारण मुठीच्या आत दाते असतात आणि ती तिरकी झाली की अधिकच घट्ट बसते. मजबूत सुतळीचा फास मुठीच्या खाली अडकवून दोन्ही टोके आळीपाळीने वर ओढली, तर ती सरळ वर येते.

नट निघाल्यावर आटे जुन्या दात घासण्याच्या ब्रशने स्वच्छ करावेत, वायसर बदलावा आणि आट्यांना सिलिकॉन ग्रीस पुसटसे लावून नट बेताने बसवावा. व्हॅसलीन किंवा गाडीचे ग्रीस वापरू नये; काही रबरे त्याने फुगतात. आतली पितळी बैठक बोटाने चाचपून पाहावी. तिला खाचा पडल्या असतील तर नवा वायसरही काही दिवसांतच कापला जाईल, आणि तेव्हा मात्र नळ बदलण्याचा सल्ला मान्य करावा.

प्रश्न : शिवाजी पेठेतील आमच्या जुन्या घरात लोखंडी पाइप आहेत. नळ बदलताना त्याची शेपटी, म्हणजे भिंतीत जाणारे टोक, तुटून आट्यांसकट भिंतीतल्या एल्बोतच राहिली. बाहेर धरायला काहीच उरलेले नाही. आता काय करावे?

उत्तर : तुमच्या दुःखात मी सहभागी आहे, कारण हा पराक्रम मी स्वतः केलेला आहे. माझ्या मामींच्या वाड्यातल्या न्हाणीचा नळ काढताना मी पान्यावर दोन फुटांचा पाइप चढवला. नळ आला, शेपटी आत राहिली, आणि ती काढण्याच्या नादात मी छिन्नीने एल्बोच फोडला. काळ्या दगडाची जाड भिंत फोडायला गवंड्याला दोन दिवस लागले आणि तेवढे दिवस घरातली माणसे शेजाऱ्यांकडे आंघोळीला गेली. मामी एवढेच म्हणाल्या, “अरं, नळ काढ म्हटलं हुतं, भित्ताड न्हवं.”

त्या वेळी मला जे माहीत नव्हते ते असे. शेपटी पितळेची आहे आणि एल्बो लोखंडाचा. पितळ मऊ आहे, आणि याचा फायदा घ्यायचा. हॅक्सॉचे पाते चौकटीतून काढून त्याच्या एका टोकाला कापड गुंडाळावे आणि ते शेपटीच्या पोकळीत घालून आतून बाहेर, म्हणजे आट्यांच्या दिशेने, एक खाच कापावी. खाच शेपटीच्या संपूर्ण लांबीची हवी, पण एल्बोच्या आट्यांना स्पर्श होण्याच्या आत थांबायचे आहे. अर्धा इंच आट्याची खोली 1 मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त असते, तेव्हा घाई केली तर मर्यादा सहज ओलांडली जाते. टॉर्च धरून पाहत राहावे : पितळ कापले जात असते तोवर कीस पिवळा पडतो, राखाडी कीस दिसला की लगेच थांबावे. पहिल्या खाचेपासून बोटभर अंतरावर दुसरी खाच कापावी. मग दोन खाचांमधला अरुंद तुकडा बारीक छिन्नीने आतल्या बाजूला, पोकळीकडे, वाकवायचा. तो वाकला की उरलेल्या कडीचा घेर सैल पडतो आणि ती पक्कडीने उलट्या दिशेने फिरवून काढता येते.

बाजारात शेपटीच्या पोकळीत ठोकून बसवायचा उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टरही मिळतो. शेपटी नुकतीच तुटली असेल आणि फार धरलेली नसेल, तर तो पाच मिनिटांत काम करतो. परंतु तो निमुळता असल्याने जितका आत जातो तितका शेपटीला बाहेरच्या बाजूला फुगवतो, म्हणजे आटे आणखी घट्ट होतात. जुन्या, धरून बसलेल्या जोडाला माझी पसंती पात्यालाच आहे. त्यात अर्धा दिवस जातो, तो जाऊ द्यावा.

जुन्या घरांत आणखी एक अडचण येते. टेफ्लॉनचा टेप येण्यापूर्वी हे जोड सूत आणि सफेदा लावून बसवत असत. जवसाच्या तेलातला तो सफेदा वर्षानुवर्षांनी सिमेंटसारखा होतो. त्याच्यावर व्हिनेगर चालत नाही आणि झिरपते तेलही फारसे चालत नाही. चालते ती उष्णता, कारण तापल्यावर तो काहीसा मऊ पडतो. लोखंडी पाइप आणि लोखंडी एल्बो असेल, आसपास लाकूड किंवा प्लास्टिक नसेल आणि तेल लावलेले नसेल, तर जाणत्या माणसाकडून ब्लो-लँपने एल्बोचे तोंड तापवून घ्यावे. स्वतः करू नये.

नवा नळ बसवताना टेप आवळण्याच्या दिशेने गुंडाळावा आणि आठ-दहा वेढे पुरतात. जाड थर दिला म्हणजे जोड पक्का होतो असा समज आहे. प्रत्यक्षात तो पुढच्या वेळच्या त्रासाची सोय असते.

प्रश्न : आमच्या इमारतीच्या गच्चीवरील टाकीचा चाकाचा व्हॉल्व्ह कित्येक वर्षे कोणी फिरवलेला नाही. घरातल्या नळाचे काम करायचे तर तो बंद करावा लागेल, पण तो हलत नाही. जोर लावू का?

उत्तर : लावू नका. हा बहुधा गेट व्हॉल्व्ह असावा. त्याच्या आत पाचरीसारखा पितळी पडदा स्पिंडलला अडकवलेला असतो, आणि जोर जास्त झाला तर स्पिंडल तुटून तो पडदा अर्धवट खाली राहतो. मग एका घराचा नळ गळत होता तिथे सगळी इमारत पाण्यावाचून बसते. कामाला हात घालण्यापूर्वी सोसायटीच्या सचिवांना कळवणे आणि सर्व घरांनी बादल्या भरून ठेवणे हा शिष्टाचारही आहे आणि शहाणपणही.

चाकाच्या खाली, स्पिंडलभोवती एक लहान नट दिसेल. तो ग्लँड नट. त्याच्या आतली दोरी वाळून स्पिंडलला चिकटलेली असते आणि अडथळा बहुतेक वेळा तिथेच असतो, खाली पडद्यापाशी नसतो. ग्लँड नट पाव वेढा सैल करावा. थोडे पाणी झिरपेल, घाबरू नये. स्पिंडलवर तेलाचे चार थेंब सोडावेत आणि तासभर थांबावे. त्यानंतर चाक हातानेच, पाना न लावता, बंद होण्याच्या दिशेने थोडे आणि पुन्हा उघडण्याच्या दिशेने थोडे असे हलवावे. एका अंगुळाची हालचाल मिळाली की काम जमले. मग दर खेपेला ती थोडी वाढवत न्यावी. खाली गाळ साचला असेल तर पडदा शेवटच्या टप्प्यावर अडतो. अशा वेळी खालच्या घरातला एखादा नळ सोडून ठेवावा आणि व्हॉल्व्ह जवळजवळ बंद करून पुन्हा थोडा उघडावा, म्हणजे अरुंद फटीतून वेगाने जाणारे पाणी गाळ घेऊन जाते. शेवटी ग्लँड नट झिरपणे थांबेल एवढाच आवळावा.

व्हॉल्व्ह पुन्हा पूर्ण उघडल्यावर चाक अर्धा वेढा मागे आणून ठेवावे. पूर्ण उघडून करकचून ठेवलेला व्हॉल्व्ह आणि गंजून बसलेला व्हॉल्व्ह यांतला फरक पुढच्या माणसाला कळत नाही, आणि तो चुकीच्या दिशेला जोर लावतो.

प्रश्न : उत्तरेश्वर पेठेतील आमच्या घरी आजीच्या वेळचा तांब्याचा बंब आहे. त्याची पितळी तोटी पूर्ण धरली आहे. बंब पुन्हा वापरायची इच्छा आहे. तोटी बदलून घ्यावी का?

उत्तर : कृपया बदलू नका. अशा तोट्यांत वायसर नसतो, स्पिंडल नसतो आणि झिजून टाकून देण्यासारखे काहीच नसते. तोटीच्या अंगात एक निमुळते भोक असते आणि त्यात तितकाच निमुळता, मधे आरपार छिद्र असलेला खुंटा बसवलेला असतो. मूठ पाव वेढा फिरवली की छिद्र पाण्याच्या वाटेत येते, पुन्हा पाव वेढा फिरवली की आडवे होते. तापवलेल्या पाण्यातून क्षार अधिक वेगाने खाली बसतो, कारण पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेट तापल्यावर न विरघळणाऱ्या कार्बोनेटमध्ये बदलते. म्हणूनच बंबाची तोटी आणि गीझरच्या बाजूचा नळ हे घरात सर्वांत आधी धरतात.

खुंट्याच्या खालच्या, बारीक टोकाला एक लहान नट किंवा स्क्रू असेल. तो काढावा. चिंच कोमट पाण्यात कोळून तिचा दाट कोळ तोटीच्या तोंडातून आत भरावा, बाहेरूनही लावावा, आणि अर्ध्या तासाने धुवावा. पितळी भांडी घासणाऱ्या पिढीला हे सांगण्याची गरज नव्हती. चिंचेतले टार्टारिक आम्ल पितळाचा काळेपणा आणि क्षार दोन्ही सोडवते. नंतर बंबातून उकळते पाणी सोडता येणार नाही हे लक्षात घेऊन तोटीवर बाहेरूनच गरम पाणी ओतावे, खुंट्याच्या बारीक टोकावर लाकडाचा तुकडा ठेवावा आणि हातोडीने हलकेच वर ठोकावे. ठोकायचे ते बारीक टोकाकडून रुंद टोकाकडे. उलट ठोकले तर खुंटा पाचरीसारखा आणखी बसेल. ठोकताना तोटी दुसऱ्या हाताने खालून आधार देऊन धरावी, कारण बंबाचा पत्रा पातळ असतो आणि तोटीचा जोड डाख देऊन केलेला असू शकतो. याच कारणाने ज्वाला पूर्ण वर्ज्य आहे : शिसे आणि कथिलाचा साधा डाख 183 अंशांच्या आसपास वितळू लागतो, आणि मग तोटी सुटेल ती बंबापासून.

खुंटा निघाल्यावर तो त्याच भोकात बारीक व्हॉल्व्ह पेस्ट (घासून पृष्ठभाग जुळवण्याची खरखरीत लुकण) लावून हाताने मागे-पुढे घोळावा, जोवर संपूर्ण पृष्ठभागावर एकसारखी फिकट राखाडी छटा येत नाही. पेस्ट पूर्ण धुऊन काढावी. ही घोळाई घरी जमली नाही तर उद्यमनगरातल्या कोणत्याही लहान लेथवाल्याकडे न्यावी. त्याला हे नवे नाही.

प्रश्न : 2021 च्या पुरात आमच्या तळमजल्यावर पाणी आले होते. तेव्हापासून बेसिनच्या एका दांड्याच्या नळातून पाणी बारीक येते आणि टोकाची जाळी निघत नाही. पंचगंगेचा गाळ आत बसला असावा का?

उत्तर : शक्य आहे, कारण पुरानंतर टाक्या आणि वाहिन्या धुतल्या जात असताना बारीक गाळ नळांपर्यंत पोहोचतो आणि जाळीवर अडतो. जाळीभोवतीची कडी पातळ पितळेची असते. पक्कडीने दाबली की ती लंबगोल होते आणि मग कोणत्याच उपायाने फिरत नाही. नळाच्या तोंडाला व्हिनेगर भरलेली लहान पिशवी रबराने बांधून अर्धा तास ठेवावी, मग हातात स्वयंपाकघरातला रबरी हातमोजा घालून कडी फिरवावी. नळाचे तोंड खाली असते हे विसरू नये. खालून वर पाहत असाल तर घड्याळाच्या उलट दिशा बरोबर आहे, पण वरून वाकून पाहत असाल तर ती उलटी दिसते. सुटत नाही म्हणून आलेल्या कित्येक जाळ्या मुळात आवळल्या जात असतात. जाळी निघाल्यावरही पाणी बारीकच आले, तर बेसिनखालच्या अँगल कॉकमधली, म्हणजे भिंतीलगतच्या पाणी तोडण्याच्या लहान कॉकमधली, गाळणी पाहावी.

प्रश्न : शौचालय स्वच्छ करण्याचे ॲसिड नळावर ओतले तर नट लवकर सुटेल, असे कोणी सांगितले. खरे आहे का?

उत्तर : क्षार लवकर विरघळेल हे खरे आहे, पण त्याबरोबर क्रोमचा मुलामा जाईल आणि उघड्या पडलेल्या पितळातले जस्त धुऊन निघून तांबूस, भुसभुशीत पृष्ठभाग उरेल, अशा नटावर पाना धरला तर त्याचे कोपरे चुरतात. ओतलेच असेल तर आत्ताच भरपूर पाण्याने धुवा आणि खिडकी उघडी ठेवा. त्याच जागी त्या दिवशी ब्लीचिंग पावडर मुळीच टाकू नका, कारण दोहोंच्या संयोगाने क्लोरीन वायू तयार होतो आणि आपली न्हाणीघरे लहान असतात.